प्रणवच्या अर्जाचं, आणि समीरच्या लग्नाचं

ओहायो
७ डिसेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

मी खुशाल आहे. बर्फ पडायला लागलं आहे, पण घर गरम असतं, बूट चांगले आहेत आणि आईने दिलेलं मेतकूट अजून अर्धा डबा शिल्लक आहे. जेवणखाण व्यवस्थित चाललं आहे.

गेल्या रविवारी बाबांनी विचारलं, काकांच्या प्रणवला तुझ्या कॉलेजात लावून घेता येईल का, आणि मी "इथे तसं चालत नाही" एवढंच बोलून विषय संपवला. फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. काका तुमच्याकडे शब्द टाकतात, तुम्ही माझ्याकडे, आणि मी तो असा उडवून लावला. म्हणून आज सविस्तर लिहिते. बाबा, हे पत्र काकांनाही वाचून दाखवा.

आमच्या रसायनशास्त्र विभागात विश्लेषणात्मक रसायनाची एक टेन्युअर-ट्रॅक, म्हणजे पुढे कायम होऊ शकणारी, जागा निघाली आहे आणि मी निवड समितीवर आहे, हे खरं. पण अर्जदारांत समितीतल्या कुणाचं नातं निघालं तर ते ताबडतोब लेखी कळवावं लागतं आणि त्या माणसाला समिती सोडावी लागते. म्हणजे प्रणवने इथे अर्ज केला असता तर मी बाहेर झाले असते, आणि त्याचा अर्ज वाचायला माझ्याऐवजी दुसरं कुणी बसलं असतं. शिवाय अर्जाची मुदत १५ ऑक्टोबरलाच संपली. आपल्या माणसासाठी काही करायचं नाही असं माझ्या मनात नाही. करता येण्यासारखं जे आहे ते पुढे लिहिलं आहे.

बाबा, तुमच्याकडे एक जागा भरायची तर आरक्षणाची बिंदुनामावली तपासा, शासनाची मान्यता मिळवा, यात वर्षं जातात आणि तोवर पोरं तासिका तत्त्वावर शिकवत राहतात. इथे कॉलेज खासगी, सरकार मध्ये नाही, तरी जागा सहज मिळत नाही. कुणी निवृत्त झालं की ती जागा विभागाकडे राहत नाही, डीनकडे परत जाते. ती पुन्हा मागायची तर आदल्या वसंतात अर्ज लिहायचा: कोणते कोर्स उघडे पडतील, किती मुलं घेतात, जागा न दिल्यास काय बंद पडेल. इतर विभागांचे असेच अर्ज असतात, त्यांतून थोडे मंजूर होतात. २००८ च्या मंदीनंतर या देशात जन्म कमी झाले. ती मुलं आता अठराची होत आहेत, त्यामुळे लहान कॉलेजं प्रत्येक जागेचा दहादा विचार करतात. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक इथेही आहेत. त्यांना अ‍ॅडजंक्ट म्हणतात, कोर्समागे पैसे आणि बहुतेक ठिकाणी विमा नाही. पक्की जागा म्हणूनच एवढी जपून भरतात. सहाव्या वर्षी टेन्युअर मिळालं की माणूस तीस वर्षं राहू शकतो. नाही मिळालं तर एक शेवटचं वर्ष आणि निघायचं. परीक्षाकाळ सात वर्षांपलीकडे नेऊ नये, हे अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या संघटनेच्या १९४० च्या निवेदनात लिहिलेलं आहे आणि बहुतेक कॉलेजं ते पाळतात.

जाहिरातीचा मसुदा हे पहिलं अवघड काम. "पीएच.डी. आवश्यक" एवढंच लिहिलं तर मे महिन्यात प्रबंध देणारा चांगला मुलगा आपोआप बाद होतो. "ऑगस्टमध्ये रुजू होईपर्यंत पीएच.डी." असं लिहिलं तर तो राहतो. जे "आवश्यक" लिहिलं त्यात नंतर कुणालाही सूट देता येत नाही, म्हणून तिथे कमीत कमी लिहून बाकी सगळं "असल्यास उत्तम" मध्ये घालायचं. दुसरी गोष्ट आपल्यासारख्यांसाठी महत्त्वाची. निवडलेला माणूस परदेशी निघाला तर त्याच्या ग्रीन कार्डाच्या पहिल्या टप्प्यात हीच जाहिरात पुरावा म्हणून लागते. ती राष्ट्रीय पातळीवरच्या व्यावसायिक नियतकालिकात आलेली असावी लागते, त्याच्या संकेतस्थळावर दिली तर निदान ३० दिवस राहावी लागते, आणि निवडीपासून १८ महिन्यांच्या आत अर्ज दाखल व्हावा लागतो. नुसती कॉलेजच्या स्वतःच्या संकेतस्थळावर लावली आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही, तर दोन वर्षांनी त्या बिचाऱ्यासाठी सगळी भरती पुन्हा करायची वेळ येते. म्हणून पहिल्या आणि तिसाव्या दिवशी जाहिरातीच्या पानाची तारखेसह प्रत काढून ठेवायचं काम मी मागून घेतलं.

अर्ज शंभराच्या आसपास येतात. प्रत्येकात कव्हर लेटर, सीव्ही, अध्यापनाबद्दल दोन पानं, संशोधनाबद्दल तीन-चार पानं, गुणपत्रकं आणि तीन शिफारसपत्रं. एका अर्जाला वीस मिनिटं धरली तरी तेहेतीस तास होतात, आणि ते स्वतःच्या तासिका आणि प्रयोगशाळा सांभाळून काढायचे. अर्ज उघडण्याआधी निकष कागदावर उतरवायचे, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. आधी अर्ज वाचून मग निकष लिहिले तर ते आवडलेल्या अर्जाच्या मापाने शिवले जातात. त्यातून दहा-बाराजणांशी व्हिडिओवर अर्धा-अर्धा तास बोलायचं, सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. आमचं तेच आत्ता संपत आलं आहे. मग तिघांना दोन दिवस कॉलेजवर बोलवायचं.

त्या दोन दिवसांतली एक गोष्ट आईला सांगितली तर तिला खरं वाटणार नाही. पाहुणा आदल्या संध्याकाळी येतो, कोलंबसच्या विमानतळावरून कुणीतरी त्याला गाडीने आणतं. रात्री जेवण, सकाळी न्याहारी, दुपारी मुलांबरोबर जेवण, पुन्हा रात्री जेवण. चार वेळा एका टेबलावर बसायचं आणि त्याच्या घरचं काहीही विचारायचं नाही. लग्न झालंय का, मुलं किती, नवरा काय करतो, आईवडील कुठे असतात, मूळ गाव कोणतं, देवधर्म कोणता, वय काय, यातलं काहीच नाही. काम सुरू होण्याआधी मनुष्यबळ विभागाची माणसं तासभर हेच शिकवतात. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश, रंग, धर्म, लिंग आणि मूळ देश यांवरून नोकरी नाकारता येत नाही, १९६७ च्या कायद्याने चाळिशीपुढच्या माणसाचं वय आड आणता येत नाही, आणि पुढे गरोदरपण आणि अपंगत्व यांचेही कायदे आले. प्रश्न विचारणंच प्रत्येक वेळी गुन्हा असतं असं नाही. पण एकदा उत्तर कानावर पडलं की निकाल त्यावरून ठरला नाही हे सिद्ध करणं अवघड जातं. म्हणून विचारायचंच नाही. "अमेरिकेत काम करायची परवानगी आहे का, व्हिसासाठी कॉलेजची मदत लागेल का" एवढं चालतं, तेही सगळ्यांना सारख्याच शब्दांत.

आई, तू म्हणशील ही कसली माणुसकी. दाराशी आलेल्याला पाणी दिल्यावर आपण पहिलं विचारतो, कुठले तुम्ही, घरी कोण कोण. इथे न विचारणं हा आदर समजतात. आणि चूक होते ती नेमकी प्रेमळ माणसांकडून. गाडीत शांतता जड वाटते आणि कुणीतरी बोलून जातं, "इथल्या शाळा फार छान आहेत, तुमच्या मुलांना आवडेल." त्या बाईला मूल असेल, नसेल, होऊ घातलेलं असेल, ती उरलेला दिवस त्याच विचारात घालवते. म्हणून शाळा, घरभाडं, डॉक्टर, देवळं, किराणा यांची माहिती एका पाकिटात घालून तिघांनाही सारखीच देतात. उमेदवाराने स्वतःहून सांगितलं तर ऐकायचं, पण वाढवायचं नाही आणि टिपणात लिहायचं नाही. तीन तासांच्या जेवणात मग बोलायचं काय? हवामान, पुस्तकं, गावातली बेकरी, त्याचं संशोधन. मला हा नियम मनापासून पटतो. पण अशा जेवणानंतर घरी परतताना "कुठली गं तू?" असं कुणीतरी विचारावं, असं वाटून जातं.

खरी परीक्षा होते ती वर्गात. पन्नास मिनिटांचा तास घ्यायचा, विषय आठ-दहा दिवस आधी कळवलेला, तिघांनाही तोच. यंदा बफर द्रावणं आहे. मोठ्या विद्यापीठांतून आलेली हुशार मुलं इथेच घसरतात. साठ स्लाइड आणतात, फळ्याकडे वळत नाहीत, प्रश्न टाकतात आणि दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देतात. आमच्याकडे वर्गात वीस मुलं, पीएच.डी.चे विद्यार्थी नाहीत, प्रयोगशाळाही प्राध्यापकानेच चालवायची. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या मान्यतेसाठी शिक्षकाला आठवड्याला १५ संपर्क-तासांहून जास्त देता येत नाहीत, आणि त्यात प्रयोगशाळेचे तास धरलेले असतात. तरीही ते पंधरा तास माणूस मुलांसमोर उभाच असतो. त्याला ते आवडतं का, हे पन्नास मिनिटांत कळतं.

वेळापत्रकातही खूप बिघडतं. दोन भेटींमध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवली नाहीत तर पाहुण्याला पाणी प्यायलाही मिळत नाही. शाकाहारी आहे का हे आधी लेखी विचारायचं, नाहीतर त्याच्या पानात नुसता पाला. बर्फाने विमान रद्द झालं तर पर्यायी दिवस राखलेला असावा. मुलांचे अभिप्राय त्याच संध्याकाळी गोळा करायचे, आणि समितीतल्या प्रत्येकाने पुढचा उमेदवार येण्याआधी आपलं मत लिहून टाकायचं. नाहीतर शेवटी आलेला सगळ्यांना जास्त आठवतो आणि पहिल्यावर अन्याय होतो. पहिल्या पसंतीच्या माणसाची सही होईपर्यंत दुसऱ्याला नकार कळवायचा नाही. आणि तिघेही हातचे गेले तर जागाच पुन्हा डीनकडे.

आता प्रणवचं. त्याने पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) केलेलं काम चांगलं आहे, मी त्याचे दोन्ही पेपर वाचले आहेत. पण पीएच.डी.वरून थेट इथे अर्ज करू नये. आधी इथे दोन वर्षांचं पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधनाचं काम, मिळवावं, ते बहुधा जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसावर होतं. त्या काळात निदान एक पूर्ण कोर्स स्वतः शिकवावा, नुसत्या प्रयोगशाळेतल्या मदतीला इथे कुणी अध्यापन धरत नाही. शिफारसपत्रांचं फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडची पत्रं आठ ओळींची असतात: "कष्टाळू, सुशील, त्याच्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा." लिहिणारे सर थोर असतात, मनापासून लिहितात, पण इथे ते पत्र वाचणाऱ्याला वाटतं की गुरूकडे सांगण्यासारखं काही नाही. त्याने सरांना स्वतः जाऊन भेटावं आणि विनंती करावी की दीड-दोन पानं लिहा, कोणता प्रयोग अडला, मी तो कसा सोडवला, कुणाला काय शिकवलं, ते येऊ द्या. संशोधनाच्या पानांत "चार पीएच.डी. विद्यार्थी घेईन" असं लिहू नये. काम दहा आठवड्यांच्या उन्हाळ्यात एकोणीस वर्षांच्या मुलाला जमेल अशा तुकड्यांत मांडावं, आणि त्या कॉलेजात कोणती उपकरणं आहेत ते संकेतस्थळावर आधी बघावं. कव्हर लेटरमध्ये दुसऱ्याच कॉलेजचं नाव राहिलेले अर्ज दर वेळी येतात, तेवढं नक्की तपासावं. त्याने मसुदे मला पाठवावेत, मी ओळ न् ओळ बघीन. माझ्याच समितीपुढे येणार नसतील तोवर त्याला कसलीच आडकाठी नाही.

बाबा, एक लाख डॉलरच्या शुल्काची बातमी वाचून तुम्ही घाबरलात. ते २१ सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या, अर्जांवर आहे, आणि तेही देशाबाहेरून येणाऱ्यांसाठी. माझ्या मुदतवाढीला ते लागत नाही. विद्यापीठांना, कॉलेजांना या व्हिसासाठीची लॉटरीही नसते. ग्रीन कार्डाची रांग भारतीयांसाठी फार लांब आहे, पण माझा अर्ज मंजूर होऊन रांगेत आहे, त्यामुळे दर तीन वर्षांनी मुदत वाढवून मिळते. टेन्युअरची फाइल पुढच्या शरद ऋतूत जाईल. तयारी आहे. रात्री झोप लागते.

आता समीरच्या लग्नाचं. आईने विचारलं नाही, पण वाट बघत आहात हे मला कळतं. उमेदवार येणार २९-३० जानेवारी, ५-६ आणि १२-१३ फेब्रुवारीला. समितीतल्या माणसाने तिघांनाही पाहायलाच हवं, एक चुकला तर निवडीत मत देता येत नाही. समीरचं लग्न ८ तारखेला, बरोबर मध्ये. त्यात माझ्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपला आहे. आले तर मुंबईच्या वकिलातीत मुलाखत होईपर्यंत परतता येणार नाही, आणि इथे सत्र चालू असेल. तारीख काढताना समीरने मला विचारलं होतं आणि मी "चालेल" म्हणाले होते. तेव्हा वेळापत्रक ठरलं नव्हतं, पण मी अंदाज घ्यायला हवा होता. त्याला वेगळं लिहिलं आहे. मेच्या मध्याला सत्र संपतं, त्यानंतर दीड महिना राहायच्या तयारीने येते.

कार्यालयासाठी दोन लाख बाबांच्या खात्यात टाकले आहेत, परत पाठवू नका. एफडी मोडू नका. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन लग्नाच्या गडबडीत पुढे ढकलू नका, त्याचे पैसे वेगळे ठेवले आहेत. आत्याने पाठवलेलं स्थळ मी पाहिलं. मुलगा चांगला वाटतो, मी एकदा बोलीन. तिला सांगा, पण लग्नघरात सगळ्यांना सांगू नका.

आणि आई, करवलीचा करा नीलूच्या हातात दे. माझी अंजिरी पैठणी कपाटात खालच्या कप्प्यात आहे, तीच तिला नेसव. तिला सांग, अंतरपाट दूर होईपर्यंत समीरच्या अगदी मागेच उभी राहा.

तुमची,
मीनल

ता. क. प्रणवचा पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. मी इथून एका चांगल्या शिफारसपत्राचा नमुना, नावं काढून, त्याला टपालाने पाठवते.