वळवाचा 'दिलासा' आणि आमचा चैत्र

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत मागे 'उन्हाळी सुट्टीत कुठे जाल' असं एक पान आलं होतं, त्यात महाबळेश्वर होतं, आंबोली होती, अख्खं कोकण होतं, फक्त सांगली नव्हती. नसणारच म्हणा. पारा चाळिशीला टेकतो आणि आमच्या गावभागात दुपारी दोननंतर कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही, इथं कोण मरायला येणार. पण मी या चैत्रात कुठंच गेले नाही (रजा शिल्लक नव्हती, खोटं कशाला बोलू) आणि तरी महिना असा काही गेला की कुणाला तरी सांगावासा वाटला. घरातले ऐकत नाहीत, म्हणून तुम्हाला लिहितेय. शिवाय एक तक्रार पण आहे, ती शेवटी.

पाडव्याला साखरेच्या गाठी आणल्या, नातवानं गुढी उभी करायच्या आधीच दोन पदकं फोडली, त्यामुळं यंदा आमची गुढी जरा गरीब दिसत होती. कडुलिंबाची चटणी मात्र मी अजून पाट्यावरच वाटते, कोवळी पानं, थोडा मोहोर, गूळ, चिंच, ओवा, हिंग, जिरं, मीठ. मिक्सरला तिची नुसती हिरवी पेस्ट होते. सगळे तोंड वाकडं करून खातात आणि मला ती तोंडं बघायला फार आवडतात.

मग तांबट. पक्षी हो, भांडीवाला नव्हे. समोरच्या पिंपळाला तांबूस पालवी फुटली आणि सकाळी साडेसहापासून हा टुक टुक टुक सुरू, एका लयीत, दिसत कधीच नाही. मी तीन आठवडे चहाचा कप घेऊन गच्चीत उभी राहिले तेव्हा एकदाचा दिसला, चिमणीपेक्षा थोडासाच मोठा, कपाळाला लाल टिळा. एवढ्याशा जिवाचा एवढा आवाज!

संध्याकाळी ऑफिसमधून सुटले की आयर्विन पुलावर दोन मिनिटं गाडी थांबवायची सवय लागली. कृष्णेवरचा हा पूल १९२९ चा. पावसाळ्यात आपल्या पेपरात रोज त्याच्याखालच्या पाण्याचे फूट छापून येतात, ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला ५७ च्या पुढं गेलं तेव्हा आमच्या घरात पहिल्या मजल्यावर पाणी होतं, आम्ही पाच दिवस विश्रामबागेत नणंदेकडं. तेव्हापासून तो आकडा कानावर पडला तरी पोटात गोळा येतो. पण चैत्रात त्याच पुलाखाली पाणी इतकं खाली, इतकं गुपचूप असतं की ही तीच बाई यावर विश्वास बसत नाही. घाटावर पोरं पोहत असतात, कोणतरी म्हशी धूत असतं, आणि फुटांकडं बघायला एक माणूस नसतो. मला कृष्णा अशीच आवडते. कुणी तिची पातळी विचारत नाही तेव्हाची.

एका रविवारी हरिपूरला गेलो, संगमेश्वराचं दर्शन घेतलं, कृष्णा-वारणेचा संगम बघितला, येताना भडंग घेतलं. नातवाला पेव दाखवायचं होतं. आमचे आजोबा हळदीच्या पेठेत दिवाणजी होते, ते सांगायचे की हरिपूरच्या मातीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डे काढून त्यात हळद साठवायची, वरून तोंड बंद करून माती लोटायची, वर्षानुवर्षं काही होत नाही, कीड नाही की ओल नाही. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर अजून थांबायचं, कारण आत हवा नसते. २००५ च्या पुरात पाणी शिरून कितीतरी पेवं गेली आणि आता माल गोडाऊन नाहीतर कोल्ड स्टोरेजला जातो. आम्हाला एकच पेव दिसलं आणि तेही बुजलेलं, वर गवत. नातू म्हणाला, 'आज्जी, यात काय बघायचं?' बरोबर आहे त्याचं. पण आजोबांचा कंदील मला तिथं दिसत होता त्याला मी काय करू. नंतर त्याला मार्केट यार्डात नेलं, तिथं मात्र गडी खूश, हमालांचे पाय घोट्यापर्यंत पिवळे, शर्ट पिवळे, पोत्यांवर बसलेलं मांजरसुद्धा पिवळसर. हळकुंड मोडून बघायला दिलं तर आतून नारिंगी निघालं. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा आपण पहिल्या पानावर छापलं होतं, ते कात्रण माझ्याकडं आहे.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं, डाळ केली (हरभऱ्याची डाळ भरडच वाटायची, गुळगुळीत झाली की संपलं), पन्हं केलं. चैत्रांगण सासूबाई काढायच्या, आता मी काढते. माझा कासव अननसासारखा दिसतो असं शेजारच्या काकू म्हणाल्या. आंब्याबद्दल न बोललेलं बरं, देवगड म्हणून पेटी घेतली, घरी आल्यावर कळलं कर्नाटक. हा धडा दरवर्षी मिळतो आणि दरवर्षी मी नव्यानं शिकते.

आणि मग वळीव. चार दिवस नुसतं उकडत होतं, पाचव्या दिवशी दुपारी चारला आभाळ काळं झालं, वारा सुटला, गुढीच्या वेळी बांधलेलं तोरण उडून गेलं, लाइट गेली, आणि टपोरे थेंब. मातीचा तो वास. आम्ही सगळे गच्चीत, मी पन्नाशी ओलांडलेली बाई पदर खोचून भिजले. महिन्यातली सगळ्यात आवडती गोष्ट कोणती विचाराल तर तीच सांगितली असती.

पण त्याच वेळी तासगावकडून आक्काचा फोन आला. तिचं बेदाण्याचं शेड आहे. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून जाळीच्या रॅकवर टाकायची, पंधरा-एक दिवस वाळवायची, चार किलो द्राक्षाचा कसाबसा एक किलो बेदाणा. त्यांचा माल बारा दिवस झालेला. वाऱ्यानं शेडच्या बाजूचे कागद फाटले आणि पाऊस आडवा आत. 'दाजी आणि पोरं कागद धरून उभी हैत की गं, काय सांगू तुला,' एवढंच बोलली आणि फोन कट.

दुसऱ्या दिवशी आपल्या पेपरात पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात, वळवाने सांगलीकरांना दिलासा. सोबत पावसात भिजणाऱ्या मुलींचा फोटो. आणि आत सातव्या पानावर, जाहिरातीच्या खाली, बेदाणा भिजल्याची बातमी चार ओळीत. संपादक साहेब, तासगाव सांगली जिल्ह्यातच आहे ना? मला दिलासा मिळाला हे खोटं नाही, मी स्वतः नाचले. पण त्या दोन बातम्या शेजारी शेजारी तरी छापायच्या होत्या, म्हणजे गच्चीतून उतरून मी आक्काला आधी फोन केला असता. तिला करावा लागला, ते मला लागून राहिलंय.

माल काळा पडला, सौद्यात पडेल तो दर घेतला. दाजींनी त्यातलाच दोन किलो आमच्याकडं पाठवून दिला, चिठ्ठीत लिहिलं होतं, 'रंग बघू नका, गोडीला कमी नाही.' खरंच नाही. रात्री शिऱ्यात घातला होता.

आपली वाचक,
गावभाग, सांगली