अण्णा, तुम्ही पाटा वाढवायला नाही म्हणालात म्हणून

अण्णा,

साष्टांग नमस्कार.

माझ्या पिकअपचे पुढचे पाटे, म्हणजे चाकांवर गाडी तोलणाऱ्या कमानदार पोलादी पट्ट्या (लीफ स्प्रिंग), तुम्ही नीट करून दिलेत. त्याबद्दल फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं बरं, ठेव आता, गिऱ्हाईक आलंय" म्हणता. समोर येऊन बोलायला लागलो तर हातात चहा देऊन विषय बदलता. म्हणून लिहून काढतोय. चारचौघांनी वाचावं असं लिहितोय, कारण जुन्या पिकअपवर पोट असलेली माझ्यासारखी माणसं मोहोळपासून अक्कलकोटपर्यंत गावोगाव आहेत. पुढचे पाटे बसले, म्हणजे दबून सपाट झाले, की कुणाला काय विचारायचं हे त्यांनाही कळत नाही. मलाही कळत नव्हतं. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे.

गाडी बाबांनी 2006 साली घेतली. एमएच 13 ची पाटी, पुढे दोन्ही चाकांना जोडणारा सलग अॅक्सल आणि पाटे, मागेही पाटे. बाबा गेले तेव्हा घरात कर्ज होतं, चार एकर रान होतं आणि ही गाडी होती. कांदा निघाला की हैदराबाद रस्त्यावरच्या बाजार समितीत, डाळिंब निघालं की व्यापाऱ्याच्या शेडवर, आणि महिन्यातून दोनदा आईला घेऊन सोलापूरच्या दवाखान्यात. आईच्या मणक्यात गॅप आहे. एसटीत तिला बसवत नाही म्हणून गाडीतून नेत होतो, आणि गेल्या वर्षभरात गाडीतही बसवेना.

आमच्याकडची काळी जमीन तुम्ही जाणता. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर वरखाली होतो. खड्डा नसला तरी लाटा असतात. त्या लाटांवर माझ्या गाडीचं नाक दाबायचं ते थेट रबरी ठोकळ्यावर आपटायचं. ब्रेक मारला की तोंड खाली. डावी बाजू उजवीपेक्षा खाली. पुण्याच्या हायवेवर साठच्या पुढे गेलं की स्टेअरिंग सारखं धरून ठेवावं लागायचं, सोडलं की गाडी आपल्या मनाने निघायची. आई वरची दांडी दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून बसायची. एक शब्द बोलायची नाही. ते न बोलणंच मला जास्त लागायचं.

तुमच्याकडे येण्याआधी एका गॅरेजात पाटे काढून गॅसने तापवले आणि हातोड्याने कमान चढवून दिली. गाडी तीन बोटं वर आली. मी खूश. चार महिन्यांत पहिल्यापेक्षा खाली बसली. त्याच तावात तुमच्याकडे आलो आणि म्हणालो, "अण्णा, पुढं दोन्हीकडं दोन-दोन जाड पाटे वाढवा, किती व्हायचे ते होऊ द्या."

दुसऱ्या कुणी पाटे वाढवले असते. पैसे मिळाले असते, मीही समाधानाने गेलो असतो. तुम्ही गाडीखाली वाकून बघितलंत, पाट्यावर नखाने टकटक केलंत आणि विचारलंत, "पुढं वजन किती पडायलाय, ठाव हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. वीस वर्षं घरात गाडी, आणि पुढच्या चाकांवर किती वजन बसतं हे कधी कुणी मोजलं नव्हतं. तुम्ही मला वजनकाट्यावर पाठवलंत. फक्त पुढची दोन चाकं काट्यावर, मागची बाहेर. एकदा रिकामी, एकदा भरून. पावती आजही डॅशबोर्डच्या खणात आहे: रिकामी 910 किलो, भरलेली 1,040. म्हणजे मागे एवढा कांदा भरूनही पुढे फक्त 130 किलो वाढतात. पुढच्या पाट्यांवर खरा भार इंजिनाचा, आणि तो गाडी रिकामी असो की भरलेली, चोवीस तास तिथेच असतो. त्यात मी हौसेने बसवलेला लोखंडी गार्ड. तुम्ही तो काढायला लावलात. मी तोंड वाकडं केलं, त्याबद्दल माफी मागतो.

मग तुम्ही विचारलंत, गोण्या कशा लावतोस? मी मागच्या फाळक्यापर्यंत लावत होतो. मागच्या अॅक्सलच्याही मागे वजन गेलं की ते पुढचं तोंड उचलतं, स्टेअरिंग हलकं पडतं आणि गाडी डोलते, हे तुम्ही एका फळीखाली वीट ठेवून दाखवलंत. मी पन्नास किलोच्या चाळीस गोण्या भरायचो. पासिंग, म्हणजे कागदोपत्री मान्य असलेला भार, बाराशे किलोचं. "पाटे वाढले म्हणून आरसी बुकातलं पासिंग वाढत नाही," हे तुमचं वाक्य मी घरी जाऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, तुझे बाबा चोवीसच्या वर कधी भरत नव्हते.

पाटे खोलल्यावर जे निघालं ते मी विसरणार नाही. डावीकडचा दुसरा पाटा मधल्या भोकापाशी तडकलेला. वरून बघून काही कळत नव्हतं, क्लिपांनी बांधलेला होता म्हणून जागेवर होता. तुम्ही मला बोटाने ती चीर चाचपायला लावलीत. पाट्यात भोक पडतं तिथेच तो कमजोर असतो, सुरुवात तिथून होते. बाकीचे पाटे गंजून एकमेकांना चिकटलेले. शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक गाडीच्या सांगाड्याला धरणारी झुलती कडी, जवळजवळ आडवा झोपलेला, कारण बसलेला पाटा सरळ होतो, सरळ झाला की लांब होतो आणि शॅकलला मागे ढकलतो. पाट्याच्या टोकांच्या डोळ्यांतले रबरी बुश तर नावालाच उरले होते.

गॅसबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते इथे लिहिणं मला गरजेचं वाटतं. पाट्याचं पोलाद सिलिकॉन-मँगनीजचं. त्याला भट्टीत साधारण 850 ते 900 अंशांपर्यंत सारखं तापवून तेलात बुडवतात आणि मग 450 ते 500 अंशांच्या आसपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. या पाणी देण्यातच पाट्याचा जीव. गॅसच्या नळीने एका जागी लाल केला की तिथलं पाणी उतरतं. कमान दिसते, पण जीव गेलेला असतो. चार महिन्यांत बसतो तो त्यामुळे. "तापवून वर आणलेला पाटा म्हंजे उसनं अवसान," असं म्हणालात. त्या दिवशी माझे पैसे कुठे गेले ते मला कळलं.

पुण्याच्या भाच्याने पॅराबोलिक पाट्यांचं डोक्यात भरवलं होतं, तेही मी तुम्हाला विचारलं. तुम्ही त्याला नावं ठेवली नाहीत. मधे जाड आणि टोकाकडे पातळ होत जाणारे मोजके पाटे, एकमेकांना फक्त मधे आणि टोकांना टेकणारे, घासणं कमी म्हणून चाल मऊ. चांगली वस्तू आहे म्हणालात. पण माझ्या गाडीच्या मापाचा तयार संच मिळेना, आणि दुसऱ्या गाडीचा बसवायला चॅसीवरचे (गाडीच्या सांगाड्यावरचे) पाटे अडकवायचे हँगर कापून वेल्डिंग करणं तुम्हाला मान्य नव्हतं. तुमचा निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं. चॅसीला हात लावायचा नाही, ही रेघ तुम्ही कुणासाठीच ओलांडत नाही.

तुम्ही केलंत ते असं. जुना संच 8 एमएमच्या पाच पाट्यांचा होता. तुम्ही 7 एमएमचे आठ घेतलेत. मी म्हणालो, अण्णा, मी जाड मागतोय आणि तुम्ही बारीक देताय? तेव्हा तुम्ही म्हणालात, पाट्याची जाडी दुप्पट केली की तो आठपट ताठ होतो. मला ते पटेना. रात्री घरी काट्याच्या पावतीमागे हिशोब मांडला. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. आठाचा घन 512, पाच पाटे म्हणजे 2,560. साताचा घन 343, आठ पाटे म्हणजे 2,744. उचल जुन्यापेक्षा थोडी जास्तच, आणि पाटा बारीक असल्याने तेवढाच वाकताना त्याच्यावर ताण कमी. मी मागितलेले दोन-दोन जाड पाटे घातले असते तर गाडी वर आली असती, पण आईच्या मणक्याचं काय झालं असतं, या विचाराने मला झोप लागली नाही.

पुढचे दोन दिवस मी तुमच्या शेडमध्ये स्टुलावर बसून होतो. पाटे भट्टीवाल्याकडून आले तेव्हा तुम्ही एकेकाची कमान जमिनीवरच्या खडूच्या रेघेवर ठेवून तपासलीत. डाव्या-उजव्याची जोडी लावलीत. प्रत्येक पाट्याचं टोक ग्राइंडरवर गोल केलंत, म्हणजे वरच्या पाट्यात ते रुतणार नाही. ग्रॅफाइटचं ग्रीस हाताने लावलंत. आठ पाट्यांची थप्पी आता 56 एमएमची, आधी 40 होती, म्हणून पाटे अॅक्सलला आवळणारे यू बोल्ट आणि पाट्यांच्या मधल्या भोकातला सेंटर बोल्ट लांब आणि नवे. जुने यू बोल्ट चांगले दिसत होते. तुम्ही ते भंगारात टाकलेत, एकदा ताणलेला आटा पुन्हा तशी पकड देत नाही म्हणून. सेंटर बोल्टचं डोकं अॅक्सलवरच्या भोकात नीट बसलंय का ते टॉर्च लावून तीनदा बघितलंत. तो बोल्ट तुटला तर अॅक्सल सरकतो, आणि चालत्या गाडीत तो सरकला तर काय होईल ते तुम्ही बोलून दाखवलं नाहीत.

आणि बुश. रबरी बुशांचे बोल्ट तुम्ही चाकं लटकत असताना कसले नाहीत. गाडी जॅकवरून उतरवली, चाकं जमिनीवर टेकली, बंपर धरून चारदा दाबली आणि मग खाली झोपून शेवटचा पाना मारलात. लटकत्या चाकांवर कसलं की गाडी खाली आल्यावर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. तुमचं वय, त्या दिवशीचं ऊन आणि ती सिमेंटची तापलेली फरशी! मी म्हणालो पोराला सांगा. तुम्ही म्हणालात, "शेवटचा पाना मीच मारत असतोय."

नवे शॉकअप घातले, मग अलाइनमेंटला पाठवलंत. कॅस्टर, म्हणजे पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खुंट्याचा मागे कललेला कोन, कमी निघाला. तुम्ही रागावला नाहीत, दमला नाहीत, यू बोल्ट पुन्हा सैल केलेत आणि पाटा व अॅक्सल यांच्यामध्ये दोन्हीकडे लोखंडी पाचरी घातल्यात. आपले पाटे अॅक्सलच्या वर, म्हणून पाचरीची जाड बाजू मागे. त्या कामाचे वेगळे पैसे घेतले नाहीत. आता वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होतं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत डावीकडे आणि उजवीकडे माप एकच आहे, मी दर रविवारी टेप लावून बघतो.

तीनशे किलोमीटर झाल्यावर यू बोल्ट पुन्हा कसायला ये म्हणाला होतात. कांद्याच्या गडबडीत मी विसरलो. तुम्ही स्वतः फोन केलात. त्या फोनसाठी हे पत्र आहे, अण्णा. बाबा गेल्यापासून गाडीबद्दल मला आठवण करून देणारं कुणी नव्हतं.

गेल्या मंगळवारी आईला दवाखान्यात नेलं. मोहोळ मागे पडलं आणि मी सवयीने तिच्याकडे बघितलं, दांडी धरलीय का म्हणून. हात मांडीवर होते. लांबोटीच्या पुढे तिचा डोळा लागला. मी रेडिओ बंद केला आणि गाडी पन्नासवर ठेवली. सोलापूर येईपर्यंत ती उठली नाही.

चोवीस गोण्यांच्या वर भरत नाही. गार्ड भंगारात दिला. पुढच्या सोमवारी बाजार समितीतून येताना तुमच्याकडे ग्रीस मारायला थांबतो. आईने तुमच्या घरच्यांसाठी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून ठेवायला घेतलीय. ते परत पाठवू नका, आई ऐकणार नाही.

तुमचा,
मोहोळकडचा, लाल पिकअपवाला