वंशाची नोंद कोण करतं, हे पाहा

संपादक महोदय,

‘जनगणनेत वंश विचारूच नये, म्हणजे भेदही मावळेल’ असा सूर आपल्या पानांवरच्या पत्रांतून सध्या उमटतो आहे. माझी सगळी नोकरी समाजशास्त्र शिकवण्यात गेली. हे म्हणणं मला पटत नाही.

वंश शरीरात नसतो, तो माणसं ठरवतात, इथवर मी त्या पत्रलेखकांसोबत आहे. अमेरिकेचं नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंड या पंजाबी गृहस्थांचा खटला मी वर्गात हमखास शिकवत असे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांना नागरिकत्व नाकारलं, कारण ते गोरे म्हणून नागरिकत्व मागत होते आणि न्यायालयाच्या मते गोरा म्हणजे ‘कॉकेशियन’ नावाच्या वंशगटातला. त्या काळचं शास्त्र उत्तर भारतीयांना कॉकेशियन म्हणत असे. थिंड यांनी तेवढंच दाखवून दिलं, शिवाय ते अमेरिकी सैन्यात राहिलेले. तीनच महिन्यांनी त्याच न्यायालयाने त्यांना सांगितलं, की सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा! पुढे १९७० च्या जनगणनेत भारतीय गोऱ्यांत मोजले गेले आणि १९८० मध्ये त्यांचा रकाना वेगळा झाला.

नोंद जीवघेणी ठरू शकते, हेही खरं. रवांडात बेल्जियन राजवटीने ओळखपत्रांवर माणसाचा गट लिहिला: हुतू, तुत्सी किंवा त्वा. लोकांची भाषा एकच, वस्त्या मिसळलेल्या. १९९४ च्या नरसंहारात नाक्यानाक्यावर तीच कार्डं पाहून तुत्सींना मारलं गेलं.

पण खिशातलं कार्ड आणि जनगणनेतलं निनावी उत्तर यांत फरक आहे. दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या कायद्याने वंश ठरवण्याचा अधिकार सरकारकडे होता. अधिकारी केसांत पेन्सिल खोचून ती अडकते की पडते ते बघत आणि एका घरातली माणसं वेगळ्या वंशांत टाकत. तो कायदा १९९१ मध्ये गेला. जनगणना आजही वंश विचारते, पण आता उत्तर माणूस स्वतः देतो. शिक्षण, बेकारी, घरं यांतली दरी किती उरली, हे त्यावरूनच कळतं.

फ्रान्सची जनगणना वंश विचारत नाही. म्हणून तिथला भेद संपला का? संशोधक सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवतात, तेव्हा अरबी वाटणाऱ्या नावांना मुलाखतीची बोलावणी कमी येतात. आजी-आजोबा स्थलांतरित असलेल्या मुलांचं काय होतं, हे तर वंशाऐवजी आईवडिलांचा जन्मदेश विचारला तरीही कळत नाही.

माझी खरी अडचण होते ती ब्राझीलपाशी. तिथे २०१२ च्या कायद्याने केंद्रीय विद्यापीठांत राखीव जागा आल्या, वंश ज्याने-त्याने सांगायचा. खोट्या दाव्यांच्या तक्रारी वाढल्यावर विद्यापीठांनी उमेदवाराचा चेहरामोहरा पाहणाऱ्या समित्या नेमल्या. पेन्सिलीची आठवण येऊन मला हे खुपतं. तरीही मी समितीच्या बाजूने आहे, कारण तिथला भेद पूर्वजांपेक्षा दिसण्यावर चालतो आणि जागा मोजक्या असतात. अट एवढीच, की नकाराची कारणं लेखी मिळावीत आणि त्यावर दाद मागता यावी.

आपली,
समाजशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका