येत्या रविवारच्या फुलफेरीविषयी सूचना

सर्व सभासदांना सविनय कळविण्यात येते की, आपल्या मंडळाची श्रावणातील फुलफेरी येत्या रविवारी सकाळी ठीक ६.३० वाजता गोव्यातील मंगेशी देवस्थानाच्या प्रवेशकमानीपासून निघेल आणि म्हार्दोळच्या महालसा देवालयापाशी ९ वाजेपर्यंत संपेल.

अंतर थोडेच आहे. तरीही अडीच तास मुद्दाम राखून ठेवले आहेत, कारण रोज दुचाकीवरून जाताना नजरेतून निसटणारे सौंदर्य थांबल्याशिवाय दिसत नाही. बांधावरचा गुलाबी तेरडा, अंगणातली जास्वंद आणि विशेषतः कुंपणावर चढणारी कळलावी जवळून पाहावी. कळलावीच्या पाकळ्या आधी हिरवट, मग पिवळ्या आणि शेवटी लालभडक होतात, त्यामुळे एकाच वेलीवर हे सारे रंग एकत्र सापडतात. म्हार्दोळला जायांच्या (जाईच्या) फुलांचा सुगंध अनुभवता येईल. तेथील देवालयात या फुलांनी होणारी जायांची पूजा आपणा सर्वांना परिचित आहेच.

पुढील गोष्टी कृपया पाळाव्यात:

१. कोणतेही फूल तोडू नये. चतुर्थीच्या माटोळीसाठी (गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवल्या जाणाऱ्या चौकटीसाठी) गावकरी हीच रानफुले व रानफळे शोधतात, हे लक्षात ठेवावे.

२. कळलावी विषारी असून तिचा कंद प्राणघातक ठरू शकतो, म्हणून मुलांना तिला हात लावू देऊ नये.

३. छत्री व न घसरणारी पादत्राणे आणावीत.

४. खाजगी कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) मालकाच्या परवानगीशिवाय प्रवेश करू नये.

येणाऱ्यांनी शुक्रवार संध्याकाळपर्यंत चिटणिसांकडे नाव नोंदवावे. पाऊस असला तरी फेरी होईल.

चिटणीस