मंत्रीसाहेब, आमच्या कॉन्व्हेंटच्या हॉलमध्ये तंबोरा लागला, त्याबद्दल

मा. संस्कृती मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

साहेब, नमस्कार.

माझी मुलगी इथे ग्वाल्हेरला एका कॉन्व्हेंट शाळेत सातवीत आहे. गेल्या महिन्यात तिच्या शाळेच्या हॉलमध्ये ख्यालाची बैठक झाली, सकाळी साडेनऊला, मुलं युनिफॉर्ममध्ये, बूट बाहेर काढून सतरंजीवर मांडी घालून बसलेली. आम्हा चारपाच पालकांना बोलावलं होतं म्हणून मला ते बघायला मिळालं. सिस्टरांचे आभार मानून झाले, गाणाऱ्या ताईंचे मानून झाले, तरी मन भरलं नाही म्हणून तुम्हाला लिहितेय, कारण पुढचं काम तुमच्या खात्याच्या हातात आहे.

काय झालं ते सांगते. सिस्टरांनी आधी स्वतः जाऊन सगळे पंखे बंद केले. माइक नव्हताच. मेरीमातेच्या मूर्तीखाली दोन तंबोरे, मध्ये ताई, एका बाजूला तबला, एका बाजूला पेटी. तंबोरे लावण्यात पंधरावीस मिनिटं गेली, मला वाटलं पोरं आता कंटाळणार, चुळबुळ सुरू झालीच होती. ताईंनी पंचम लावला, मग जोडीच्या तारा, मग खर्ज, आणि मग घोडीवरचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवरचा, तो जवारीचा बारीक दोरा केसभर सरकवला आणि तार अशी उघडली की पुढच्या रांगेतली एक छोटी मुलगी मान वळवून वळवून आवाज कुठून येतोय ते शोधायला लागली, तिला वाटलं कुठेतरी स्पीकर आहे. तिचं ते शोधणं माझ्या डोळ्यासमोरून जात नाहीये. मोबाइलवर ऐकलेल्या तंबोऱ्याने हे होत नाही हो.

मग अल्हैया बिलावल हा सकाळचा राग, तिलवाडा या सोळा मात्रांच्या तालात. आपल्या ग्वाल्हेरच्या गायकीची चाल म्हणजे अस्थाई अंतरा, म्हणजे बंदिशीचे दोन भाग, आधी नीट भरून दाखवायचे आणि मग बढत, म्हणजे रागाचा हळूहळू विस्तार, त्यामुळे मुलांच्या हातात धरायला काहीतरी लगेच आलं. ताई म्हणाल्या बोटांवर 16 मोजा आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की मांडीवर टाळी द्या. पहिल्या आवर्तनात नुसता गोंधळ, दुसऱ्यात अर्धा हॉल, आणि चौथ्या पाचव्याला दीडशे पोरं एकदम समेवर. अंगावर काटा आला. मध्येच एका तंबोऱ्याचा पंचम उतरला, ताई तान सोडून थांबल्या, हसल्या, तार लावली आणि पुन्हा तिथूनच उचललं. मोठा कलाकारसुद्धा थांबतो, नीट करतो आणि पुढे जातो हे मुलांनी चार हातांवरून बघितलं.

आता हे गाव कोणतं आहे बघा. ग्वाल्हेर घराण्याचे मोठे ख्यालगायक हस्सू खां, हद्दू खां इथले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथली गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले, त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. कृष्णराव शंकर पंडितांनी इथे 1914 मध्ये गाण्याची शाळा काढली, 1918 मध्ये भातखंड्यांचं माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं, आणि 2023 मध्ये युनेस्कोने आपल्याला संगीताचं शहर म्हटलं. आणि इथेच शहराच्या लश्कर भागात वाढलेल्या माझ्या मुलीने समोर बसून तंबोरा पहिल्यांदा ऐकला तो बाराव्या वर्षी, आणि तो ऐकवला एका ख्रिस्ती शाळेने. मला हे लागलं, खरंच लागलं, कारण तिला घेऊन जायचं माझंही काम होतं.

आमच्या नात्यातले काही जण म्हणायचे, कॉन्व्हेंटमध्ये घातलं की आपलं संगीत विसरा. मी सांगते त्यांना, रोज असेंब्लीत प्रार्थना सुरात म्हणायची सवय असलेली ही मुलं, षड्ज धरा म्हटल्यावर त्यांनी लगेच धरला. आणि प्रिन्सिपल सिस्टर केरळच्या, शेवटपर्यंत मुलांमध्ये खाली सतरंजीवर बसून होत्या, खुर्ची घेतली नाही. मला म्हणाल्या, ज्या दिवशी ग्वाल्हेर संगीताचं शहर झालं त्याच दिवशी आमचं कोझिकोड साहित्याचं झालं. किती आनंदाने सांगितलं त्यांनी!

तर साहेब, मागणं असं. 1924 पासून चालत आलेला तानसेन समारोह दर डिसेंबरला तुमचं खातं करतं, देशभरातले मोठे कलाकार हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी येतात, त्यासाठी मनापासून धन्यवाद. त्यातल्या जे तयार असतील त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी एक तास एका शाळेत बसवा. फक्त कॉन्व्हेंट नाही, मुरार, ठाठीपूर, हजिऱ्याच्या सरकारी शाळा आधी, कारण तिथे बोलावणारं कोणी नसतं. शाळा-कॉलेजांत शास्त्रीय संगीत पोचवणाऱ्या स्पिक मॅके या संस्थेची माणसं 1977 पासून हेच करतायत, त्यांना विचारा, कसं करायचं ते त्यांना पाठ आहे. मुलं शे-दीडशेच्या वर नकोत, माइक नको, पंखे बंद, भाषण आणि हारतुरे नकोत कारण त्यातच अर्धा पिरियड जातो. शाळा सकाळी भरते, म्हणजे भैरव, तोडी, बिलावल त्यांच्या वेळेला मुलांच्या कानावर पडतील. आणि तंबोरे लावायला वेळ द्या, ती पंधरावीस मिनिटं कापू नका, मुलीने घरी येऊन सगळ्यात आधी त्याचंच सांगितलं.

ती आता जेवताना ताटाच्या कडेवर 16 मोजते. आणि शाळेतल्या मुलांनी सिस्टरांकडे सरोद मागितलाय, सरोदवादक हाफिज अली खांसाहेबांच्या गावात तो मिळायलाच हवा ना. हॉल आहे, सतरंज्या आहेत, तारीख तेवढी कळवा.

आपली,
सातवीतल्या एका मुलीची आई
लश्कर, ग्वाल्हेर