पुन्हा एकदा जाऊन ये

लातूर,
जानेवारीचा दुसरा रविवार

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम.

नाताळात तुमच्या युवक संघाने सांगलीकडे ऊसतोड्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, ब्लँकेटं वाटली, ते फोटो मिळाले. "आई, तू काहीच बोलली नाहीस," असं तू दोनदा विचारलंस. मला फार आनंद झाला रे. पण जे सांगायचं होतं ते फोनवर उरकण्यासारखं नव्हतं. आज देवळातून आले आणि लिहायलाच बसले.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तुझा जन्मही नव्हता. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. माणसं गणपती बोळवून झोपली होती. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद. झोपेतल्या माणसाला उठून बाहेर यायलाही वेळ मिळाला नाही. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची नर्स होते. चर्चच्या मंडळीच्या जीपमधून मलमपट्टीचं सामान घेऊन आम्ही एका गावात पोचलो. रस्त्याच्या कडेला शहरांतून आलेल्या जुन्या कपड्यांचा ढीग पडला होता. त्या ढिगाला टेकून एक बाई बसली होती. तिच्या हाताची जखम धुतली, पट्टी बांधली. ती तोंडातून शब्द काढत नव्हती. मी उठले तेव्हा एवढंच म्हणाली, "सिस्टर, उद्या येनार ना?"

मी म्हणाले, "येते."

दुसऱ्या दिवशी आमची जीप दुसऱ्या गावाला गेली. मीही हट्ट धरला नाही. पंधरा दिवसांनी गेले, तर ती कुठे हलवली कुणालाच सांगता येईना. बाळा, त्या दिवसांत मी शेकडो पट्ट्या बांधल्या असतील, पण प्रार्थनेला डोळे मिटले की तीच एक पट्टी समोर येते, ओली, न बदललेली.

बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तू संडे स्कूलमध्ये कितीदा ऐकलीस. वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाच्या जखमेवर त्याने तेल आणि द्राक्षारस ओतला, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, इथपर्यंत सगळ्यांच्या लक्षात असतं. पण तो रात्रभर तिथे राहिला. निघताना उतारशाळेवाल्याला पैसे दिले आणि वर जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन म्हणाला. म्हणजे तो परत येणार होता. किल्लारीनंतर मला ही गोष्ट त्याच ओळीवर अडवते.

आणि तू तर मिरजेत आहेस. 2016 च्या एप्रिलमध्ये आपल्या लातूरला पाण्याची रेल्वे आली ती तुझ्याच गावाहून. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या. तू कळशी घेऊन रांगेत उभा राहायचास, आठवतं? ती गाडी एकदाच येऊन गेली असती तर फोटो छान आले असते. पण ती पावसाळ्यापर्यंत येत राहिली, म्हणून आपण तगलो.

आता खरं काम सांगते. मी नोकरीची शेवटची नऊ वर्षं ज्या उपकेंद्रात काढली, तिथल्या तांड्यावरची एक बाई नवऱ्याबरोबर कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, तुमच्याच भागात आली आहे. ऑक्टोबरमध्ये तिला क्षयरोग निघाला. तिला विचारूनच तुला लिहिते आहे. औषध सहा महिन्यांचं असतं. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगाला वजन लागतं आणि माणूस गोळ्या सोडतो. मग आजार उलटतो, तोही असा की साध्या गोळ्यांना दाद देत नाही. ती आत्ता नेमकी त्याच टप्प्यावर आहे. फोनवर म्हणाली, "आता बरंय." बरंय म्हणाली की माझ्या पोटात गोळा येतो.

तिच्यावर चिडू नकोस. पहाटे तीनला फडात जायचं. दवाखान्यात गेली तर खाडा पडतो, आणि तो उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांत, धरला जातो. नवराबायको मिळून एक कोयता, मग एकटीने मागं कसं राहावं? तिच्याकडे निक्षयचा, म्हणजे सरकारी क्षयरोग नोंदणीचा, नंबर आहे, त्यावर कुठल्याही सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळतात. पोषणाचे महिन्याला हजार रुपये खात्यावर यायला हवेत, ते येतात का तेही विचार. तिथल्या आशाताईंना भेट, कोप्यांवर गोळ्या पोचवता येतील का बघ. नवऱ्याला आणि लेकरांना खोकला आहे का हेही विचार.

ब्लँकेटं नेऊ नकोस. फोटोही काढू नकोस. संध्याकाळी सातनंतर जा, तेव्हा चुली पेटलेल्या असतात. दिला तर चहा घे, खाली बसून घे. आणि निघताना "येतो" म्हणालास, तर वार ठरवून सांग.

गोळ्यांच्या पाकिटात किती उरल्या ते मोजून मला रात्रीच कळव. तिचा नंबर वेगळा पाठवते. लेकरं दोन आहेत, धाकट्याला राजगिऱ्याचे लाडू आवडतात.

तुझी,
आई