चि. सायलीस, डगआउटमधील नोकरीविषयी

चि. सायली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अमेरिकी बेसबॉलच्या मायनर लीगमधील, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च पातळीच्या खालच्या, एका संघाने ॲथलेटिक ट्रेनरच्या (खेळाडूंच्या दुखापती सांभाळणाऱ्याच्या) जागेसाठी मुलाखतीस बोलावले आहे आणि हायस्कूलमधील नोकरीही हाताशी आहे, तर काय करावे, असे तू विचारले आहेस. माझे मत बेसबॉलकडे झुकते. पण ते ज्या कारणाने झुकते, ते तुझ्या मैत्रिणी सांगतात त्याहून निराळे आहे.

त्या सर्वांच्या तोंडी सू फाल्सोनचे नाव असणार. बफेलोची ही मुलगी डेमेन कॉलेजात फिजिओथेरपी शिकली, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून पदव्युत्तर झाली आणि 2012 च्या हंगामासाठी लॉस एंजेलिस डॉजर्सची मुख्य ॲथलेटिक ट्रेनर झाली. मेजर लीगमध्ये त्या पदावर बसलेली ती पहिली स्त्री. 'पहिली' या विशेषणाचे सर्वांनी कौतुक केले. मला मात्र त्याआधीची वर्षे महत्त्वाची वाटतात, कारण त्या काळात ती याच संघाची फिजिओथेरपिस्ट होती आणि खेळाडूंना तिच्या हातांची पारख आधीच झाली होती.

ती पारख कशासाठी लागते, ते पाहा. एप्रिल 2013 मध्ये मैदानावरील झटापटीत डॉजर्सचा पिचर (चेंडू फेकणारा) झॅक ग्रिंकी याचे गळपट्टीचे हाड मोडले. सहा वर्षांसाठी 14 कोटी 70 लाख डॉलरचा करार नुकताच झालेला हा खेळाडू मेच्या मध्यास पुन्हा चेंडू टाकू लागला. मधल्या आठवड्यांत 'कधी?' हा प्रश्न किती जणांनी किती वेळा विचारला असेल, ते आपल्या व्यवसायातील माणसाला सांगावे लागत नाही. शस्त्रक्रिया डॉक्टर करतात. पण खांदा आज किती वर जातो, आणि खेळाडू 'दुखत नाही' म्हणतो तेव्हा त्याचा चेहरा काय म्हणतो, हे ट्रेनर रोज पाहतो. मायनर लीगमध्ये तर हे अधिक कठीण आहे, कारण तिथल्या मुलाला जागा जाण्याची भीती असते आणि तो दुखणे लपवतो. आपला रुग्ण हा मुलगा आहे, संघाची गुणपत्रिका नव्हे, हे व्यवस्थापकासमोर (बेसबॉलमध्ये संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला असे म्हणतात) शांतपणे बोलता येणे हेच मी या नोकरीचे खरे कौशल्य मानते.

शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही तुला तिथे पुष्कळ शिकायला मिळेल. आपला वेगवान गोलंदाज हात सरळ ठेवून चेंडू टाकतो आणि त्याची कंबर आधी तक्रार करते. पिचरचा वाकलेला कोपर क्षणार्धात सरळ होतो आणि मोठा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर येतो. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात दुसऱ्या हाताचा स्नायुबंध बसवला आणि तो 1976 मध्ये परतला. आता ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. पण तिच्यानंतर वर्षभर किंवा अधिक काळ चालणारे काम ट्रेनरचे असते, आणि त्यात कोपराइतकेच लक्ष खांद्याच्या फऱ्याकडे व पाठीच्या वरच्या मणक्यांकडे द्यावे लागते.

स्त्री म्हणून काय अडचण येईल, हेही तू विचारले आहेस. रेचेल बाल्कोव्हेक या प्रशिक्षिकेने अर्जावर 'रे' असे पुरुषी वाटणारे नाव लिहिल्यावर तिला फोन येऊ लागले. पुढे 2022 मध्ये ती टॅम्पा टार्पन्स या मायनर लीग संघाची व्यवस्थापक झाली. तुझे नाव वाचून तिथे कोणाला मुलगा की मुलगी हे कळणारच नाही, ही गंमत वेगळी! तरी मुलाखतीत न संकोचता विचार: स्त्री कर्मचाऱ्यांना कपडे बदलण्यास वेगळी खोली आहे का, प्रवासात राहण्याची सोय कशी असते, आणि खेळाडूला परत मैदानावर पाठवण्याचा शेवटचा शब्द कोणाचा. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना ते अडखळले, तर हायस्कूलची नोकरी घे.

मेजर लीगच्या हंगामात सहा महिन्यांत 162 सामने असतात आणि मायनर लीगमध्येही आठवड्याला जेमतेम एक सुटी मिळते, तेव्हा गणपतीला येशील ही आशा बाबांनी सोडलेली बरी. मी त्यांना तसे सांगितले आहे. मुलाखत झाली की कळव.

तुझी,
आई